वॉट टायलर एकटा गेला

पंचाहत्तर दिवे एकदम पेटले आणि छताला चिकटवलेला स्मोक अलार्म किंचाळायला लागला.

"मी म्हटलं नव्हतं?" सुमेधा खुर्चीवर चढून त्याच्याखाली टी-टॉवेल झटकू लागली. "कणकेचे दिवे, तेही पंचाहत्तर, आणि तेही लाउंजमध्ये!"

"वहिनी, आईची पंचाहत्तरी आहे. केकवरच्या मेणबत्त्या फुंकून भागवायची का?" सुनेत्राने दोन्ही हातांनी परात उचलून धरली होती. या ओवाळण्यासाठी ती आदल्या दिवशी लंडनजवळच्या स्टॅनमोरहून लीड्सला भावाकडे आली होती. अलार्मला ती बधणार नव्हती.

"भांडा नंतर. परात बागेत न्या," श्यामलाबाई म्हणाल्या. ज्यांना ओवाळायचं होतं त्याच पुढे होऊन पॅटिओचं दार सरकवत होत्या. बावीस वर्षं त्यांनी लीड्सच्या प्राथमिक शाळेत शिकवलं होतं. गोंधळातून रांग बाहेर कशी काढायची, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

मे महिन्यातला बँक हॉलिडे, सुट्टीचा सोमवार. ऊन होतं, पण वारा असा की पहिल्या फेरीतच अर्धे दिवे विझले. सुमेधाचा नवरा श्रीनिवास दोन्ही हात आडवे धरून उरलेले वाचवत होता. ऑपरेशन थिएटरमध्ये चार-चार तास पेशंटच्या उशाशी ढिम्म उभा राहणारा हा सत्तेचाळीस वर्षांचा भूलतज्ज्ञ, पण आज त्याचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. सफरचंदाच्या झाडाखाली त्याचा पुतण्या प्रणव मोबाइल कानाला लावून उभा होता. "हो, उद्या दहाला. हो, मी एकटाच," असं तो म्हणालेला श्रीनिवासने ऐकलं होतं.

औक्षण झालं, फोटो झाले. प्रणव जवळ आला तसा श्रीनिवासने त्याला शेडच्या आडोशाला घेतलं.

"कोण होतं?"

"अर्जुन. आमच्यातलाच एक. उद्याचं विचारत होता."

"म्हणजे जायचं ठरलंय तुझं."

"काका, पत्राचं उत्तर आलंय. आता टाळता येणार नाही."

ही पत्राची भानगड तीन आठवडे घरात चालू होती. एप्रिलच्या सुरुवातीला सरकारने नियम बदलला. युरोपबाहेरून आलेल्या डॉक्टरांना यापुढे ट्रेनिंगच्या जागेसाठी वर्क परमिट हवं, आणि इथला किंवा युरोपातला लायक उमेदवार मिळाला नाही तरच ते मिळणार. प्रणव दोन वर्षांपूर्वी नागपूरहून आला होता. लीड्सपासून वीस मैलांवर, काकाच्याच हॉस्पिटलात, तो ज्युनिअर डॉक्टर होता आणि त्याचं कंत्राट ऑगस्टमध्ये संपत होतं. त्याच्यासारखे तिथे सव्वीस जण होते. सगळ्यांनी सह्या करून पत्र दिलं, की हॉस्पिटलने आमच्यासाठी परमिटचे अर्ज करावेत. त्यावर मेडिकल डायरेक्टर हॅलम यांचं दोन ओळींचं उत्तर आलं. तुमचा जो कोणी पुढारी असेल, त्या एकाने मंगळवारी दहा वाजता भेटावं.

"आज तू सव्वीस नावांतलं एक नाव आहेस," श्रीनिवास म्हणाला. "उद्या आत गेलास की त्यांच्यापुढे एकच नाव राहील. तुझं."

"कुणीतरी जायलाच हवं ना."

"ते कुणीतरी माझ्याच भावाचा मुलगा असायला हवं, असं नाही."

प्रणव हसला. "सव्वीस जणांचे काका आज हेच म्हणत असतील."

श्रीनिवासला त्यावर जे सुचलं ते बोलण्यासारखं नव्हतं. क्लिनिकल डायरेक्टरच्या, म्हणजे विभागप्रमुखाच्या जागेसाठी त्याचा इंटरव्ह्यू गुरुवारी होता आणि पॅनलच्या मधल्या खुर्चीत हॅलमच बसणार होते. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं.

जेवायला बसतात तोच नागपूरहून रवीचा फोन आला. आईला नमस्कार सांगून झाल्यावर थोरल्याने धाकट्याला मागितलं.

"श्री, तो पोरगा काय करतोय तिकडे? त्याला आवर. मी त्याला तुझ्या भरवशावर पाठवलंय."

"बघतो," म्हणून श्रीनिवासने फोन ठेवला, आणि पुऱ्यांचा डबा प्रणवपुढे सरकवत म्हणाला, "तुझे बाबाही माझ्याच बाजूने आहेत."

"बाजू कसल्या?" सुनेत्राने श्रीखंडाचा डाव आपटला. "प्रणव, तू बिनधास्त जा. नाइट ड्यूटीला माणूस मिळत नाही तेव्हा कोणी तुमचा पासपोर्ट बघतं का? मी असते तर कालच जाऊन बसले असते त्याच्या केबिनमध्ये."

"तुला बोलायला काय जातंय?" सुमेधा म्हणाली. "तू उद्या सकाळच्या ट्रेनने स्टॅनमोरला. उद्या हा दुसरीकडे अर्ज करेल तेव्हा रेफरन्स कोण देणार? हॅलमच ना?"

"म्हणून काय घाबरून बसायचं?"

"घाबरून नाही, शहाणपणाने. श्री सांगतोय ते बरोबर आहे."

"वहिनी, तुला कधी नवरा चुकीचा वाटलाय का?"

"आठवड्यातून चारदा. पण ते मी तुझ्यासमोर सांगत नाही."

प्रणव मान खाली घालून पुरी तोडत होता. तेवढ्यात टेबलाच्या टोकाकडून कागदांचा फडफडाट आला.

"आजी, माझा असेंब्ली! तू म्हणाला होता लंचला ऐकणार."

"म्हणाली होतीस," श्यामलाबाईंनी नेहमीसारखं हळूच सुधारलं. "हो, म्हणाले होते. आण."

श्रीनिवासच्या दहा वर्षांच्या मुलीच्या, वरदाच्या वर्गाला या आठवड्यात सगळ्या शाळेपुढे एक नाटुकलं करायचं होतं. विषय होता सव्वासहाशे वर्षांपूर्वीचं इंग्लिश शेतकऱ्यांचं बंड. वरदा त्यांचा पुढारी वॉट टायलर झाली होती, आणि शेवटचा प्रवेश टीचरने तिलाच लिहायला सांगितला होता.

"आधी गोष्ट येते का बघू," श्यामलाबाई म्हणाल्या. त्यांनी श्रीखंडाचं पातेलं टेबलाच्या मधोमध ओढलं. "हे लंडन. लोणच्याची बरणी म्हणजे केंट. आणि एसेक्स?"

वरदाने कोशिंबिरीचं भांडं दुसऱ्या बाजूला ठेवलं.

"शाब्बास. आता सांग, बंडाच्या आधी काय झालं होतं?"

"प्लेग आली. खूप लोक मेले."

"मग शेतावर माणसं कमी पडली. जी उरली ती जमीनदाराला काय म्हणाली?"

"पे मी मोअर!"

"मराठीत."

"मला जास्त पैसे दे."

"आणि सरकारने काय केलं?"

"लॉ केला. जुनाच पगार घ्यायचा. आणि दुसऱ्या गावात जॉबला नाही जायचं."

प्रणवने मान वर केली. "आजी, हे तुम्ही माझ्यासाठी चालवलंय का?"

"तू जेव. मी हिचा अभ्यास घेतेय," श्यामलाबाई शांतपणे म्हणाल्या. "पुढे फ्रान्सच्या लढाईसाठी पैसे कमी पडले, तेव्हा डोक्यावर कर बसवला. चार वर्षांत तीनदा. श्रीमंताचं डोकं आणि गरिबाचं डोकं, दर जवळजवळ तोच. मग कुठून कुठून लोक निघाले?"

वरदाने लोणच्याच्या बरणीपासून आणि कोशिंबिरीपासून एकेक पुरी पातेल्याकडे सरकवत आणली. "हा वॉट टायलर. आणि ही जॉन बॉल, प्रीस्ट. जेलमधून सोडवला त्याला."

"का होता तो जेलमध्ये?"

"तो सांगायचा की देवाने माणसं केली तेव्हा मालक आणि नोकर असे वेगळे नाही केले."

"एवढ्यासाठी तुरुंग!" सुनेत्रा म्हणाली.

"एवढ्यासाठीच," श्यामलाबाई म्हणाल्या. "राजा चौदा वर्षांचा. पहिल्या भेटीत त्याने सगळं कबूल केलं. कारकून बसवून सनदा लिहून दिल्या. कागद मिळाला म्हणून बरेच जण खूश होऊन घरी गेले. टायलर मात्र थांबला. दुसऱ्या दिवशी राजाने त्याला बोलावलं. तो तुझा प्रवेश. वाच."

वरदा खुर्चीवर उभी राहिली. इंग्रजीत लिहिलेलं ती मराठीत सांगत सांगत वाचत होती. राजा म्हणतो, ये. टायलर घोड्यावरून येतो. लंडनचा मेयर तलवार काढून त्याच्या पोटात मारतो. "पण तलवार खण्ण करून वाजते! कारण टायलरने शर्टच्या आत चिलखत घातली होती! मग तो वाघनखं काढतो आणि..."

पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही. सुनेत्रा हसता हसता ठसकली. सुमेधाने तोंडाला पदर नव्हता म्हणून नॅपकिन लावला. प्रणवसुद्धा किती दिवसांनी मोकळा हसला.

"अगं, हा तर प्रतापगड झाला! अफझलखानाची भेट!"

"बाबाने सांगितलंय," वरदा गोरीमोरी होऊन म्हणाली. "अशा मीटिंगला जाताना आतून चिलखत घालायची असते."

श्रीनिवासने हात वर केले. तीन वर्षं रोज झोपताना तीच गोष्ट सांगितल्याचा हा परिणाम होता. दुसरी सांगू गेलं तर पोरगी ऐकायची नाही.

श्यामलाबाई हसल्या नव्हत्या. मुलांच्या चुकीला त्या कधी हसत नसत. "खाली बस बाळा. चूक छान आहे तुझी. पण टायलरच्या अंगात चिलखत नव्हतं. कमरेला एक खंजीर, बस. त्याने राजाचा हात हातात घेऊन मित्रासारखा हलवला. तहान लागली म्हणून पाणी मागितलं आणि तिथेच चूळ भरली. दरबारी भडकले. शब्दाने शब्द वाढला, टायलरने खंजीर उपसला, आणि मेयरने त्याला पाडलं."

"मेला?"

"मेला."

"पण त्याचे लोक? थाउजंड्स होते ना?"

"मैदानाच्या पलीकडे उभे होते. त्यांना काही ऐकू येत नव्हतं. काहींना म्हणे वाटलं, राजा आपल्या टायलरला सरदारकी देतोय. मग तो पोरसवदा राजा घोडा काढून त्यांच्यासमोर गेला आणि म्हणाला, आता मीच तुमचा पुढारी, माझ्यामागून या. ते गेले."

"आणि प्रॉमिस केलेलं?"

"सगळं परत घेतलं. सनदासुद्धा."

वरदाचे डोळे भरून आले. "दॅट्स नॉट फेअर. म्हणून मी म्हणते, चिलखत घालायला पाहिजे होती."

"थांब. महाराज चिलखतामुळेच वाचले का?" श्यामलाबाईंनी विचारलं. वर्गात विचारत तसंच, उत्तराची घाई न करता. "खान पडला. मग तलवार घेऊन सय्यद बंडा धावून आला. तेव्हा कोण मध्ये पडलं?"

"जिवा महाला!" वरदा ओरडली. "होता जिवा म्हणून वाचला शिवा!"

"बरोबर. म्हणजे महाराज एकटे गेले नव्हते. दहा माणसं होती, बाण पोचेल एवढ्या अंतरावर. कुणी कुठे उभं राहायचं ते आधी ठरलेलं होतं. टायलरबरोबर निशाण धरणारा एक जण, आणि बाकीचे सगळे लांब. आता मला सांग, चूक टायलरची की बाकीच्यांची?"

वरदाने खूप विचार केला. तिची नजर टेबलावरून फिरत प्रणववर थांबली. मोठ्यांचं सगळं बोलणं तिने ऐकलेलंच होतं.

"प्रणवदादा, तुझा जिवा कोण आहे?"

प्रणवने हातातली पुरी ताटात ठेवली.

"अर्जुन म्हणालाय, खाली कँटीनमध्ये थांबतो," प्रणव म्हणाला. आणि लगेच, जणू अर्जुनची बाजू घ्यायला हवी म्हणून, "त्याचं लग्न झालंय गं. बायकोचा व्हिसाही त्याच्यावरच आहे."

श्रीनिवास उठला. पाण्याचा जग रिकामा नव्हता, तरी तो घेऊन स्वयंपाकघरात गेला आणि नळ सोडून उभा राहिला.

त्याला एक जुना दिवस आठवला. तेव्हा तो बारा वर्षांचा होता. बाबांच्या जुन्या गाडीत, हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये, कॉमिक वाचत बसला होता. बाबा, डॉक्टर मोहन वझलवार, टाय नीट करून आत गेले आणि अर्ध्या तासाने बाहेर आले. "चल, आइस्क्रीम खाऊ," एवढंच म्हणाले. नोव्हेंबर महिना होता. त्यानंतर ते निवृत्त होईपर्यंत म्हाताऱ्यांच्या वॉर्डात होते. सर्जन व्हायला आलेला माणूस. घरात सगळे म्हणत, बाबांना वृद्धांची सेवा आवडते.

श्यामलाबाई मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी हात लांबवून नळ बंद केला.

"आई, बाबा त्या दिवशी आत कशासाठी गेले होते?"

कुठला दिवस, हे त्यांनी विचारलं नाही. "सहा भारतीय डॉक्टर होते. सगळ्या रात्रपाळ्या त्यांनाच लावायचे. बोलायला कुणी जायचं, तर हे. बाकीचे पाच जण म्हणाले, आम्ही बाहेर थांबतो."

"आणि आत काय झालं?"

"मला कधी सांगितलं नाही. ते पाचही जण पुढे दर दिवाळीला आपल्याकडे यायचे. मी चकल्या वाढायचे. मला राग नव्हता रे त्यांचा. त्यांच्यामागे तरी कोण होतं?" त्यांनी जग त्याच्या हातातून घेतला. "त्या म्हाताऱ्यांवर बाबांनी मनापासून माया केली, ते मात्र खरं आहे. त्यात काही खोटं नव्हतं."

तो परत टेबलाशी आला तेव्हा वाद पुन्हा सुरू झाला होता. सुनेत्रा सांगत होती की प्रणवने निदान बोलणं रेकॉर्ड करावं.

"मी येतोय उद्या," श्रीनिवास म्हणाला.

"कुठे?" सुनेत्रा.

"हॅलमकडे. प्रणवबरोबर. आत."

"दादा!" तिचा आवाज चढला. "डोकं ठिकाणावर आहे ना? गुरुवारी इंटरव्ह्यू आहे तुझा! तोच माणूस पॅनलवर बसणार!"

"इतका वेळ कोण म्हणत होतं, बिनधास्त जा?" सुमेधाने विचारलं.

"प्रणवचं वेगळं. तो सत्तावीसचा आहे, ऑस्ट्रेलियात जाईल, कुठेही जाईल. दादा पन्नाशीला आलाय. बाबांना जे मिळालं नाही ते आता याला मिळतंय..."

"म्हणजे तुला बंड हवंय, पण भावाच्या घरातलं नको."

"वहिनी, आत्ता पाच मिनिटांपूर्वी तू याच्या उलट बोलत होतीस!"

"हो. मग मी गोष्ट ऐकली." सुमेधाने नवऱ्याकडे बघितलं. त्याने कुणालाही न विचारता ठरवलेली ही दुसरी गोष्ट होती. पहिली, सतरा वर्षांपूर्वी, तिच्याशी लग्न करण्याची. "श्री, निळा सूट ड्रायक्लीनिंगला आहे. करडा घाल. आणि तुझ्या थिएटरचा ऑगस्टचा ड्यूटी-रोटा प्रिंट करून ने. नुसतं तोंडाने बोललेलं तो ऐकणार नाही."

"काका, मी तुम्हाला या म्हटलं नव्हतं," प्रणव हळू आवाजात म्हणाला.

"माहीत आहे. तू म्हणेपर्यंत मी थांबायलाच नको होतं." श्रीनिवासने फोन ओढून नागपूरचा नंबर फिरवला. "रवीदादा? तू म्हणालास, आवर. नाही आवरत. त्याच्याबरोबर जातोय... अरे, ऐकून तर घे... हो, माझंही नाव येईल. येऊ दे की."

पलीकडे रवी बराच वेळ बोलत होता. श्रीनिवास "हो, हो" करत राहिला आणि दुसऱ्या हाताने त्याने एक पुरी वाढून घेतली. दुपारपासून पहिल्यांदाच त्याला भूक लागली होती.

मंगळवारी दहाला पाच मिनिटं कमी असताना दोघं तिसऱ्या मजल्यावर पोचले. कॉरिडॉरमध्ये अर्जुन उभा होता. रात्रपाळी संपवून आलेला, डोळे तांबारलेले. त्याच्यामागे आणखी नऊ जण होते. काल संध्याकाळी श्रीनिवासने प्रणवकडून सगळ्यांचे नंबर घेतले होते आणि एकेकाला फोन करून एवढंच सांगितलं होतं, की मी आत जाणार आहे.

"सर, आम्ही इथेच आहोत," अर्जुन म्हणाला.

हॅलम उंच, पिकल्या भुवयांचे, वागायला सभ्य गृहस्थ होते. प्रणवशी हात मिळवताना त्यांना मागचा करडा सूट दिसला.

"श्री? तुमची भेट गुरुवारी आहे ना?"

"ती गुरुवारीच आहे. ही वेगळी."

"मी एकालाच बोलावलं होतं."

"बोलणार एकच आहे. डॉक्टर प्रणव. मी शेजारी बसणार आहे. आणि ऑगस्टपासून ही माणसं नसतील तर माझी किती थिएटर्स बंद राहतील, असं तुम्ही विचारलंत, तर सांगणार आहे." त्याने रोटाचा कागद टेबलावर ठेवला. सहा रकाने होते. ही माणसं गेली की रिकाम्या पडणाऱ्या पाळ्यांवर काल पिवळा मार्कर फिरवलेला. पांढरं फारच थोडं उरलं होतं.

हॅलम यांनी कागद उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग त्यांनी भिंतीजवळची दुसरी खुर्ची स्वतः पुढे ओढून दिली.

कोपऱ्यात मिसेस प्रॉक्टर मीटिंगचं टिपण घ्यायला बसल्या होत्या. त्यांनी पेन वर धरलं. "उपस्थितांमध्ये या कन्सल्टंट डॉक्टरांचं नाव घालायचं का?"

"विचार करा श्री," हॅलम म्हणाले. आवाजात धमकी नव्हती, खरीच काळजी होती. "हे टिपण बोर्डापुढे जातं. गुरुवारच्या पॅनलमधले दोघं त्या बोर्डावर आहेत."

श्रीनिवासने प्रणवकडे बघितलं. पोराने पाठ ताठ केली होती आणि पहिलं वाक्य तो ओठांत जुळवत होता.

"लिहा," श्रीनिवास मिसेस प्रॉक्टरना म्हणाला. त्यांचं पेन मात्र वझलवार या आडनावापाशी अडलेलं दिसलं. मग या देशात एकोणचाळीस वर्षं जे करत आला होता, तेच त्याने सावकाश, खणखणीत आवाजात केलं. "व्ही फॉर व्हिक्टर. ए फॉर अल्फा. झेड फॉर झुलू..."